चांदेखोल हॉल्ट

गाडी सात डब्यांची, फलाट पाचांचा.
उरलेले दोन डोंगराच्या पोटात थांबतात,
मडगावला जाणारीचे मागचे,
सावंतवाडीला जाणारीचे पुढचे.
वेळापत्रकात हे छापलेलं नाही,
पण पेडण्याच्या बाजारात बसणाऱ्या बायकांच्या
पायांना पाठ आहे.

मी एजंट. रेल्वेची नोकर नव्हे.
तिकिटांमागे थोडं कमिशन, पत्र्याची खोली,
एक शिक्का, एक बॅटरी.
गाडी आली की खिडकी लावून बोगद्यात शिरते
आणि ओरडते,
"उजवीकडे उतरा, डावीकडे गटार!"
नवा माणूस कुजबुजतच उतरतो,
कुणी झोपलं असावं तसा.

हा डोंगर दगडाचा नव्हे.
वर सड्यावर जांभा आणि काजू,
खाली सगळी शेडी, हात घातला तर मनगट गिळणारी.
दिवसा माणसांनी खणायचं,
रात्री डोंगराने भरून काढायचं.
माझे सासरे तेव्हा मजुरांना चहा पुरवायचे.
सांगायचे, छताला फळ्या लावल्या, फळ्यांना लोखंड,
लोखंडापुढे नारळ फोडला,
पाद्रीही येऊन पाणी शिंपडून गेला.
डोंगर कुणाच्याच ओळखीचा निघाला नाही.
केरळचा एक वर्गीस होता, मराठी शिकत होता.
"उद्या" एवढं त्याला छान यायचं.
उद्या पैसे देतो.
अठ्ठावीस कप.
सासऱ्यांनी ती उधारी शेवटपर्यंत खोडली नाही.
त्याचं नाव इथे
तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

भिंतीत थोड्याथोड्या अंतरावर कोनाडे,
गाडी येताना गँगमनने अंग चोरायला.
तिसऱ्या कोनाड्यात पाणी येतं,
बारा महिने, करंगळीएवढं.
इंजिनियर आले, सिमेंट मारून गेले.
पाणी चार बोटं सरकलं.

वर, बरोब्बर वर, आवडू शेटगावकरणीचं घर.
ज्या वर्षी खालून बोगदा गेला
त्या वर्षी शिगम्याआधीच तिची विहीर आटली.
अर्ज झाला, पंचनामा झाला,
"संबंध सिद्ध होत नाही" असं पत्र आलं.
तेव्हापासून तिने गाडीत पाय ठेवला नाही.
"म्हज्या बांयतल्यान वता ती," म्हणायची,
आणि दोन बस बदलून म्हापशाला जायची.

गेल्या चवथीनंतर तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
परतताना भाच्याने न विचारताच
थिवीला गाडीत बसवलं, पुढच्याच डब्यात.
मी हात दिला. उतरली.
एका डोळ्यावर पट्टी, तरी बॅटरीच्या आधी
तिलाच ऐकू आलं.
तिसऱ्या कोनाड्याशी ओंजळ धरली,
घोट तोंडात खेळवला,
विहिणीच्या घरचं लोणचं चाखावं तसा.
"म्हजेंच उदक हें."
मग म्हणाली, माडाच्या मुळांची चव आहे,
आणि माझा तांब्या पडला होता आत, लग्नातला,
त्याचीसुद्धा.
गार्डने शिट्टी दिली. भाचा हाका मारत राहिला.

आता रोज सकाळी, गाडी नसते त्या वेळी,
ती कळशी घेऊन येते.
पहिल्या दिवशी खिडकीत दहाची नोट सरकवली.
हॉल्टवर प्लॅटफॉर्म तिकीट नसतं,
मी पुढच्या स्टेशनाचं फाडून दिलं.
रोज घेते, कुठेच जात नाही.
आपल्याच पाण्याची चोरी कशाला, म्हणते.

परवा इन्स्पेक्टर आले.
काळोखातून उजेडाकडे आलेली
ओली पावलं बघून थबकले.
हे काय?
गळती आहे साहेब, म्हटलं. जुनी.
त्यांनी लिहून घेतलं.